काळ्या पावाचा केक

बशीच्या काठावर, जिथे रोज सकाळी कॉफीसोबत एक बिस्किट असायचं, तिथे आज गोळी होती – पांढरी, लांबट, मधोमध रेघ ओढलेली. मोडायची नाही, अख्खी घ्यायची, खाण्यासोबत घ्यायची, असं दवाखान्यातल्या नर्सनं दोनदा सांगितलं होतं. आणि दोनदा का, तर बहात्तर वर्षांच्या बाईला सगळं दोनदाच सांगायचं असतं म्हणून... मीही तेवीस वर्षं म्हाताऱ्यांना सगळं दोनदाच सांगत आले, बोतिलाच्या मनात आलं, आणि दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं.

गोळ्यांची डबी फळीवर होती. तिथेच उभ्या उभ्या गोळी तोंडात टाकता आली असती, पण हात सवयीनं बशीकडे गेला होता. कपाशेजारी काहीतरी ठेवायचंच. नुसता कप पुढ्यात घेऊन बसणं या भागात उपाशी बसण्यासारखंच, आणि तिचा नवरा आंद्रेआस गेल्यापासूनच्या नऊ वर्षांत तिनं एकटीसाठीसुद्धा बशी कधी रिकामी ठेवली नव्हती. तिनं पावाचा तुकडा खाल्ला, गोळी घेतली, वर कॉफीचा घोट घेतला. गोळीला चव नव्हती. खिडकीबाहेर समुद्राच्या बांधावर मेंढ्या वाऱ्याकडे पाठ करून उभ्या होत्या.

आजार कळून अठरा दिवस झाले होते. रक्तातल्या साखरेचा आकडा अठ्ठावन्न, नर्स म्हणाली होती, अठ्ठेचाळीसच्या वर गेला की आजार, तीन महिन्यांची सरासरी आहे ही, एक दिवस उपाशी राहून ती फसत नाही. आणि मग हसून –

"घाबरू नका हो. अर्ध्या जगाला आहे साखरेचा आजार. चालायचं, वजन थोडं उतरवायचं, आणि गोडाचं म्हणाल तर... तुम्हाला मी काय सांगणार! तुम्ही तर याच कामात होतात."

याच कामात होते ना. तेच तर. अर्ध्या जगाला असेल, पण या गावात तो आजार ज्यांना झाला ते एकेक करून कॉफीच्या टेबलावरून उठून गेले होते, आणि उठून जाणाऱ्यांच्या घरी सकाळी साडेसातला सायकल टेकवून, हातमोजे चढवून, "चला, पाय दाखवा बघू" असं म्हणत शिरणारी बाई बोतिला होती. म्युनिसिपालिटीची घरमदतनीस बोतिला लोरेन्सेन. पायाची बोटं एकेक करून उघडून बघायची, मधल्या बेचक्या कोरड्या करायच्या, टाचेला मलम लावायचं. आजही आंघोळीनंतर तिनं स्वतःची बोटं तशीच उघडून बघितली होती. खाली वाकता येईना म्हणून जमिनीवर आरसा ठेवला होता. आरशात आपलीच टाच बघताना हा कुणाचा पाय, असा क्षणभर प्रश्न पडला होता, आणि कामाच्या सवयीनं मनात नोंदही झाली होती – त्वचा कोरडी, भेगा नाहीत, रुग्ण सहकार्य करते.

दुपारी तीनला मेटाची पंचाहत्तरी होती. गावाच्या सभागृहात.

मेटा शाळेपासूनची. मेटाची पंचाहत्तरी म्हणजे इथल्या रीतीप्रमाणे कॉफीसोबत सात मऊ केक आणि सात कुरकुरीत, चौदाच्या चौदा, त्यात एक कमी झाला तर लोक दहा वर्षं तेच बोलणार. आधी मऊ फिरतात – क्रीमचे, जॅमचे, थरांचे – मग कुरकुरीत. त्यांतल्या एकाचं नाव ‘सदुपदेश’ आहे आणि एकाचं ‘काहीच नाही’, आणि ‘काहीच नाही’ सगळ्यात गोड असतं. प्रत्येक केक एकेका बाईचा. मरेपर्यंत तिचा. बदामाचं कडं मेटाचं. काळ्या पावाचा केक – शिळा राय पाव किसून, हेझलनट घालून, मध्ये ब्लॅककरंटच्या आंबट फळांचा जॅम, वर क्रीम – तो बोतिलाचा, सासूच्या हातून आलेला, एकतीस वर्षं. मूल झालं नाही. घर आंद्रेआसच्या भावाच्या मुलांना जायचं. नोकरी केव्हाच संपली. आता कुणी "ही कोण?" असं विचारलं, तर गाव "काळ्या पावाचा केक करते ती" एवढंच सांगणार, आणि बोतिलाची त्याला काही हरकत नव्हती. इतरांना त्याहून कमी असतं.

आणि चौदांतला एकही नाकारायचा नाही. पोट भरलंय म्हणून चालत नाही; तुकडा लहान घ्या, पण घ्या. जो केक नाकारला त्या बाईशी तुमचं काही बिनसलंय, हे सगळ्या टेबलाला कळतं. मेटाच्या नणंदेनं एकदा बदामाचं कडं पुढे सरकवलं होतं, खरं तर तिची दाढ दुखत होती. अकरा वर्षं दोघी बोलल्या नाहीत. शेवटी दाढ पडली, तेव्हा समेट झाला, असं मेटाचा भाऊ नीस अजून सांगतो.

मग सांगून टाकायचं. सरळ. मेटा, मला साखरेचा आजार झालाय... किती सोपं वाक्य. गावातल्या कुठल्याही बाईला सोपं, फक्त तिलाच नाही, कारण त्या टेबलावर बसून साखरेच्या आजाराच्या गोष्टी सांगून लोकांना हसवणारी बाई तीच होती. "खाई त्याला खवखवे," ती म्हणायची, केकचा दुसरा तुकडा उचलत. "आजार कसला? जीभ आवरत नाही, दुसरं काय!" नावं सांगायची नसतात, नियम होता, पण गावात सांगायला लागतात कुठे? येस मात्सेनची गोष्ट तर तिनं किती वेळा...

नको. पण आठवण ही अशी, नको म्हटलं की आधी येते.

येस मात्सेन. ऐंशी पूर्ण झालेला, उजव्या पायाचा अंगठा काढलेला, कपाळावर कायम टोपी. त्याच्या वाढदिवसानंतर त्याच्या पुतणीनं सभागृहातून एक तुकडा नॅपकिनमध्ये गुंडाळून आणून दिला होता, आणि त्यानं तो मोज्यांच्या खणात लपवला होता, लोकरीच्या मोज्यांखाली. बोतिला मोजे काढायला गेली आणि बोटं क्रीममध्ये रुतली. ती रागावली नव्हती. रागावली असती तरी बरं झालं असतं. ती हसली होती, लहान मुलाला हसतात तशी, "काय हे येस, शोभतं का?" म्हणाली होती, आणि नॅपकिनसकट तो तुकडा त्याच्यासमोर केराच्या डब्यात टाकून हात धुतले होते. हात पुसून ती वळली तेव्हा येस म्हणाला,

"तुझाच होता, बोतिला."

एवढंच. केक तिच्याच हातचा होता. ही गोष्ट तिनं टेबलावर सांगितली तेव्हा हास्याचा स्फोट झाला होता, नीसनं डोळे पुसले होते, आणि पुढे कित्येक वर्षं कुणी तिच्या केकचा दुसरा तुकडा मागितला की टेबलावरून कुणीतरी ओरडायचं – "मोज्यात ठेवू नकोस रे!" तिला ते आवडायचं. आवडायचं, खोटं कशाला बोलू? येस त्या वर्षीच्या हिवाळ्यात गेला. त्या तुकड्यानं तो आठ दिवस आधी गेला नसता की आठ दिवस मागे राहिला नसता, हे मला तेव्हाही माहीत होतं.

तर सांगायचं नाही. जायचं नाही, हेही शक्य नव्हतं. मग काल तिनं ते केलं.

साखरेऐवजी ती साखर न वाढवणारी गोड पावडर. दुकानात मधाच्या शेजारी मिळते, डब्यावर हिरवं पान छापलेलं. घरी आणून ओट्यावर ठेवली तेव्हा शेजारीच साखरेची पिशवी होती, भरलेली. तिनं दोन्हींकडे बराच वेळ बघितलं. आपलं गणित तिला पक्कं वाटत होतं: आपल्याच केकचा मोठा तुकडा घ्यायचा, तो सावकाश, सगळ्यांना दिसेल असा, शेवटपर्यंत पुरवायचा; बाकीच्या तेरांचे इवलेसे तुकडे घ्यायचे, काट्यानं मोडायचे, क्रीमखाली ढकलायचे, नॅपकिनमध्ये. वर क्रीम आहे, जॅम आंबट असतोच. कुणाला कळतंय...

अंडी फुगेनात. फेटून फेटून खांदा भरून आला, तरी भांड्यात पिवळं पाणीच. हे काय होतंय ते तिला पहिल्याच मिनिटाला कळलं होतं. एकतीस वर्षं तिनं ते मिश्रण साखरेनं घट्ट होताना बघितलं होतं. तरीही तिनं पाव घातला, नट घातले, भट्टीत ठेवलं. केक वर आला नाही. बाहेर काढल्यावर आणखी बसला. घरात आठ अंडी होती, साखर होती, अख्खी संध्याकाळ होती, दुसरा केक करता आला असता. तिनं केला नाही. खुर्चीवर बसून ती त्या बसक्या केककडे बघत राहिली आणि तिला एकच वाटत होतं – हा मला खाता येईल. भीती न वाटता, एक तुकडा, माझा. याहून शहाणं कारण तिच्याकडे नव्हतं. मग तिनं क्रीम जास्त फेटलं आणि थरच्या थर चढवले, नेहमीच्या उंचीपर्यंत.

सभागृहात मेणबत्त्या लागल्या होत्या, टेबलावर वाढदिवसाचे छोटे झेंडे होते, आणि कॉफीचा वास दारापर्यंत आला होता. प्रत्येक ताटलीजवळ गाण्याचा कागद – मेटावर नीसनं रचलेलं, अठरा कडव्यांचं. मेटानं दारातच तिच्या हातातला केकचा डबा घेतला, उचलून बघितला.

"हलका लागतोय गं. उपाशी ठेवलास की काय याला?"

"तुझेच हात राकट झालेत."

"पंचाहत्तर झाली बाई, राकट होईनात तर काय! बस, माझ्या शेजारी बस."

ती बसली. एका बाजूला मेटा, दुसऱ्या बाजूला मेटाची सून ट्रीने, समोर नीस. गाणं झालं. मऊ केक फिरायला लागले. बोतिलाचं सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं, इवला तुकडा, काट्यानं मोड, क्रीमखाली ढकल – आणि तिच्या लक्षात आलं की ताटलीतला हा चोरटेपणा हातांना शिकवावाच लागला नाही. तिनं तो दुसऱ्यांच्या हातांत इतकी वर्षं पकडला होता की तिचे हात सगळं शिकून बसले होते. मग काळ्या पावाचा केक आला. तिनं मोठा तुकडा घेतला. सगळ्यांनी घेतला. या केकच्या वेळी बोलणं जरा थांबतंच, ही त्याची ख्याती होती, ते थांबलं. आणि पुन्हा सुरू व्हायला हवं होतं तेव्हा झालं नाही.

नीसनं घास गिळला. "काय गं बोतिला, साखर संपली होती का दुकानात?"

दोघे-तिघे हसले. ती पण हसली. तोंडातला घास ओल्या लाकडाच्या भुशासारखा लागत होता, पावडरची गोडी कुठे जाणवतच नव्हती, मागे काहीतरी धातूसारखं, आणि कालपासून जो एक तुकडा आपला म्हणून तिनं राखून ठेवला होता तो हा होता.

"मी म्हटलं, येस मात्सेनसाठी केला होता की काय!" नीस म्हणाला, आणि आता सगळं टेबल हसलं.

मेटा हसली नाही. तिनं काटा खाली ठेवला होता. ती बोतिलाकडे बघत होती, अगदी जवळून, आणि आवाज खाली आणून म्हणाली –

"बोतिला... साखर घालायला विसरलीस का गं?"

हे तिनं धरलंच नव्हतं. तिच्या हिशेबात केक फसला तर चेष्टा होईल, कंजूस म्हणतील, हात गेला म्हणतील; पण मेटाच्या डोळ्यांत चेष्टा नव्हती, भीती होती, आणि कसली भीती ते कळायला बोतिलाला वेळ लागला नाही, कारण ट्रीनेनंही मान वळवली होती आणि ट्रीनेच्या आईचं असंच सुरू झालं होतं – बटाट्यात दोनदा मीठ, मग गॅस, मग अंतर्वस्त्रांवर रस्त्यात... नाही, म्हणायचं होतं तिला. विसरले नाही, मुद्दाम. डोकं शाबूत आहे माझं. मग मुद्दाम का, हे सांगावं लागलं असतं, इथे, या टेबलावर, नीसचं हसू अजून हवेत असताना. येस मात्सेनचं नाव अजून हवेत असताना. एकीकडे खादाड म्हातारी, दुसरीकडे विसराळू म्हातारी. खादाडाला हसतात. मी हसवलंय. विसरणाऱ्याला कुणी हसत नाही, तो बिचारा असतो, त्याचा काही दोष नसतो...

"हो," ती म्हणाली. "विसरले."

बस्स. मेटानं तिचा हात हातात घेतला. साठ वर्षांच्या मैत्रीत मेटानं तिचा हात असा कधी धरला नव्हता, आंद्रेआसच्या दफनाच्या दिवशीही नाही. त्या दिवशी मेटानं भांडी घासली होती.

"होतं गं असं," मेटा म्हणाली. "माझंही होतं. परवा चष्मा फ्रीजमध्ये."

"होतं, होतं," टेबल म्हणालं.

नीसची चेष्टा थांबली, हे सगळ्यात वाईट. तो पुढे वाकला आणि जरा मोठ्यानं, शब्द सुटे सुटे करत म्हणाला, "छान झालाय केक, बोतिला. मला तर आंबटच आवडतो." आणि त्यानं दुसरा तुकडा घेतला. मग सगळ्यांनी घेतला. एकतीस वर्षांत तिचा केक इतक्या लवकर कधी संपला नव्हता. लोक माना खाली घालून, एकमेकांकडे न बघता, तो भुसा चावत होते, आणि तिच्यासाठी चावत होते. केकखालचा कागद दिसेपर्यंत त्यांनी तो संपवला. तिला ओरडावंसं वाटलं. तिनं कॉफी प्यायली.

"तिला आणखी कॉफी दे," मेटा ट्रीनेला म्हणाली. "आणि हे काय, हिच्या ताटलीत सगळं तसंच पडलंय. खायचंही विसरलीस का गं? खा. खा बघू."

तेव्हा ती खायला लागली. आधी क्रीमखाली ढकललेलं सगळं, मग मेटानं वाढलेलं बदामाचं कडं, मग कुरकुरीत, एकेक, सदुपदेश, काहीच नाही. विसरणाऱ्या बाईनं कशाला नाही म्हणायचं, आणि का? जीभ आधी घाबरली आणि मग लाजही न बाळगता खुलली, अठरा दिवसांनंतर. गोड इतकं गोड असतं हे ती खरंच विसरली होती. नर्सचा आकडा मनात आला आणि गेला. भीती आली नाही. ती कशाची येणार? वाचवण्यासारखं जे होतं ते आत्ताच तर माना खाली घालून सगळ्यांनी संपवलं.

ट्रीनेनं पर्समधून पेन काढलं आणि गाण्याचा कागद उलटा केला.

"बोतिला, तुमच्या केकची कृती सांगता का मला? आत्ताच घेते लिहून. म्हणजे पुढच्या वेळेपासून मी करत जाईन, तुम्ही नुसतं यायचं. कशाला दगदग?"

‘आत्ताच’ का, ते कुणी बोललं नाही. बोतिलानं मेटाकडे बघितलं. मेटा मान हलवत होती, हो गं, दे, तेच बरं, अशी, डोळे भरलेले. केक तिच्या हातून जात होता आणि तिला नाही म्हणता येत नव्हतं. कृतीच्या जोरावर नाही म्हणणार? जी कालच विसरली होती?

"अंडी सहा," ती म्हणाली. "काळा पाव दीडशे ग्रॅम, दोन दिवसांचा शिळा. बारीक किसायचा. हेझलनट शंभर, भाजून."

"आणि साखर?"

दोनशे पंचवीस. स्वतःच्या नावासारखा तो आकडा जिभेवर येऊन उभा होता. आणि तिला दिसलं की तो सांगता येणार नाही. जी बाई एका झटक्यात ग्रॅमपर्यंत साखर सांगते ती साखर घालायला विसरेल कशी? सगळं टेबल थांबलं होतं, पेन थांबलं होतं. मेटाच्या चेहऱ्यावर आशा होती – हिला आठवू दे, एवढं तरी आठवू दे. ती आशा इतकी स्पष्ट होती की बोतिलाला तिची दया आली.

"साखर..." ती म्हणाली. "किती बरं..."

"राहू दे, राहू दे," मेटा घाईघाईनं म्हणाली.

"मी घालीन अंदाजानं," ट्रीने म्हणाली. "त्यात काय!"

सगळे तिच्याकडे बघत होते, इतक्या मायेनं, की त्या केकनंही एकतीस वर्षांत एवढी माया मिळवली नव्हती. दोनशे पंचवीस, ती मनात म्हणाली, धरून ठेवायला. पुन्हा म्हटलं. मग सोडून दिलं. धरून कुणाला द्यायचं होतं? आणि सोडल्याबरोबर अंग असं सैल पडलं, सकाळच्या आरशापासून, त्या अठरा दिवसांपासून आवळलेलं सगळं... आता काय खायचं ते यांनी ठरवावं, काय आठवायचं तेही, मी नुसतं यायचं आणि बसायचं. हे इतकं सोपं होतं, आणि येसला हे इतकं अवघड का गेलं असेल, हे तिला कळेना.

"आठवत नाही," बोतिला म्हणाली, आणि ते म्हणताना तिला बरं वाटलं.

मेटानं तिच्या ताटलीत आणखी एक तुकडा वाढला. कुणाचा केक ते बोतिलानं विचारलं नाही.